चार बोटं माया

"जागा नाही" असं संग्रहालयात कुणी म्हणालं, की मापबाई त्या माणसाकडे पायापासून डोक्यापर्यंत बघायच्या आणि एकच शब्द विचारायच्या, "मोजलीत?" मोजतंय कोण? जागा नाही म्हणायला नुसती जीभ पुरते, मोजायला कंबर वाकवावी लागते.

मापबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. हुद्दा भांडारपालाचा. इमारतीच्या मागच्या अंगाला छत्तीस फूट लांब आणि चोवीस फूट रुंद अशी एक खोली होती. भिंतीवर न लागलेली सगळी चित्रं तिथे राहायची आणि त्या खोलीची किल्ली मापबाईंच्या कमरेला असायची. किल्लीशेजारी शिंप्याची कापडी फीत. लोखंडी टेप त्यांनी भांडारात कधी येऊ दिला नाही. तो मेला सटकन परत गुंडाळला जातो आणि जाता जाता चित्रावर ओरखडा ओढून जातो. फीत त्यांच्या आईची होती. आईने सगळा जन्म शिवणकाम केलं आणि आता डोळ्यांना जेमतेम दिसत असूनही उसवणं, सैल करणं, आखूड करणं असली कामं ती हाताच्या अंदाजाने करायचीच. खुद्द नव्या संचालकसाहेबांचा कोट दोनदा पोटापाशी सैल करायला तिच्याकडे आला होता. कोट कुणाचा हे आईला ठाऊक नव्हतं. मापबाईंना होतं, पण त्या बोलल्या नव्हत्या. असल्या गोष्टी योग्य वेळेसाठी राखून ठेवाव्यात.

भांडारात एकूण चित्रं सहाशे अठ्ठेचाळीस, सगळी जमिनीवर उभी, भिंतीला टेकवलेली, एकापुढे एक. ती लावली होती मानाने. नावाजलेल्यांची चित्रं दाराजवळ ऐसपैस, बिननावाची मागच्या कोपऱ्यात कोंबलेली. आणि पूर्वेची भिंत तर अख्खी अकरा उंच लाकडी पेट्यांनी अडवलेली. एका जुन्या अध्यक्षांच्या घराण्याने दिलेली चित्रं त्या पेट्यांत होती, म्हणून सगळे त्यांना 'मानाच्या पेट्या' म्हणायचे. मापबाई नोकरीला लागल्या त्याच्याही आधीपासून त्या सीलबंद होत्या आणि प्रत्येकीवर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवलेली होती. एकोणतीस वर्षं मापबाई त्यांच्यावरची धूळ तेवढी पुसत आल्या होत्या.

नवे संचालक आले ते सगळं मोकळं करायला. "मोकळं वाटलं पाहिजे!" हे त्यांचं पालुपद. कपाटं हलवा, मोकळं वाटलं पाहिजे. बाकं काढा, मोकळं वाटलं पाहिजे. आठ दिवसांत दारावरच्या चौकीदारांनी त्यांचं नामकरण करून टाकलं: मोकळेसाहेब. आडनाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरलं.

एके दिवशी मोकळेसाहेबांनी मापबाईंना वरच्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. भिंतीवर सोनेरी फ्रेमांतली मोठमोठी चित्रं, खाली लांबलचक टेबल, टेबलाच्या टोकाला साहेब.

"बाई, भांडारातली बारा फूट जागा आपण घेतोय," ते म्हणाले. "मध्ये भिंत येईल. पलीकडे स्वागतकक्ष होईल, सोफे, झाडं, मोठ्या खिडक्या. आलेल्या माणसाला कसं मोकळं वाटेल."

"आणि चित्रं?"

"तेच सांगतो. शहाण्णव चित्रं काढून टाकायची. यादी तयार आहे. निर्लेखन." त्यांनी कागद पुढे सरकवला. "भांडारपालाची सही लागते. इथे, खाली."

निर्लेखन! काय गोंडस शब्द. अर्थ काय, तर नोंदवहीतून नाव खोडा आणि वस्तू दाराबाहेर काढा. मापबाईंनी यादी वाचायला घेतली. अनामिक, अनामिक, हौशी, हौशी, अनामिक. एकेचाळिसाव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. 'किटली. हौशी. कलामूल्य नाही.'

ही किटली कुणाची, ते मापबाईंना चांगलं माहीत होतं. एक निवृत्त बसचालक होते, सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचे. त्यांच्या बायकोने काढलेलं हे एकच चित्र. खिडकीत ठेवलेली पत्र्याची किटली, झाकण थोडं तिरकं. बायको गेली, काकांना मुलीकडे राहायला जायचं होतं आणि तिथल्या दमट भिंतींवर चित्राला बुरशी धरेल अशी त्यांना धास्ती, म्हणून त्यांनी ते संग्रहालयाला दिलं. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी काका येत. मापबाई मागच्या कोपऱ्यातली तीसेक चित्रं एकेक करून बाजूला करत. त्यात अर्धा तास जाई, काका तोवर स्टुलावर बसून राहत. मग किटली टेबलावर यायची. काका दहा मिनिटं बघायचे, "झाकण तिरकंच आहे अजून," म्हणायचे आणि जायचे. खिशात त्यांनी संग्रहालयाची पावती घडी घालून जपली होती. त्या पावतीवर 'भेट मिळाली' असं लिहिलेलं नव्हतं. संग्रहालयाच्या जुन्या छापील पावत्यांवर शब्द होते: 'सांभाळण्यासाठी मिळाले'. खाली सही, मापबाईंची.

"साहेब, मी सही करणार नाही," मापबाई म्हणाल्या.

"का?"

"सांभाळू म्हणून सही केली आहे. त्याच हाताने फेकून द्या म्हणून सही करू? माझा एकच हात आहे सहीचा."

"अहो, पण चित्रं सुमार आहेत!"

"असतील. पोर अभ्यासात कच्चं निघालं म्हणून घराबाहेर काढतो का आपण?"

साहेबांनी मोठा श्वास सोडला. "बाई, भावना समजतात. पण जागा रबराची नाही."

"रबराची नाही, पण बेतता येते," मापबाई बोलून गेल्या. आता तोंडातून निघालंच होतं, मग त्यांनी मागे बघितलं नाही. "तुमची बारा फूट घ्या खुशाल. उरलेल्या चोवीस फुटांत मी सहाशे अठ्ठेचाळीस बसवून दाखवते. सहा आठवडे द्या."

"आणि नाही बसली तर?"

"एक जरी चित्र जमिनीवर उरलं, तरी तुमच्या यादीवर सही करते."

साहेब हसले. ते असं हसत होते, की मापबाईंना वाटलं, नाकावर टिच्चून बसवीन, पण बसवीन.

विचार तसा हवेतला नव्हता. भांडाराची उंची चौदा फूट. चित्रं सगळी जमिनीवर. म्हणजे वरची आठ-नऊ फूट हवा आणि तिचं भाडं मात्र एकोणतीस वर्षं चित्रं भरत होती, आपल्या कडा झिजवून. मागच्या अंगणात जुन्या प्रदर्शनांच्या लाकडी चौकटी पडून होत्या. संग्रहालयाचे सुतारदादा म्हणाले, "ताई, या चौकटींना तारेची जाळी ठोकतो. अकरा फूट लांब, दहा फूट उंच. छताला रूळ बसवतो. एकापुढे एक उभ्या करायच्या आणि हवी ती दारासारखी ओढून बाहेर काढायची. दोन्ही बाजूंनी चित्रं टांगा."

"किती बसतील?"

"दर फुटाला एक. मानाच्या पेट्यांनी चार फूट खाल्लेत, कडेने दोन जातील. अठरा बसतील."

अठरा जाळ्या, छत्तीस बाजू. मापबाईंनी नोंदवही घरी नेली आणि आई कापड बेतायची तसं बेतायला घेतलं. फुटाला एक इंच या हिशेबाने प्रत्येक चित्राचा कागद कापला. सहाशे अठ्ठेचाळीस कागद! बोटाला घट्टे पडले. मग स्वयंपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंत फरशीवर खडूने छत्तीस चौकोन आखले आणि कागद मांडत सुटल्या. मानाने नव्हे, मापाने. मोठी खाली, हलकी वर, आणि फटींमध्ये चिल्लीपिल्ली. आठवडाभर घरात दोघीही भिंतीला धरून कडेकडेने चालत होत्या. शुक्रवारी शेवटचा कागद बसला. वर दोन चौकोन रिकामे उरले! शनिवारी मापबाईंनी साहेबांना लेखी कळवून टाकलं: सर्व चित्रे बसतात.

रविवारी सकाळी आई फरशीवर बसली आणि कागदांवरून बोटं फिरवायला लागली. तिला दिसायचं कमी, पण बोटांना सगळं कळायचं.

"छान बेतलंस गं," ती म्हणाली. "माया किती सोडलीस?"

"कसली माया?"

"अगं, शिवणीची माया. कडेला जास्तीचं ठेवतो ते."

"आई, हे कापड नाहीये. चित्रं आहेत."

"ते कळतंय मला, आंधळी झाले तरी खुळी नाही झाले. पण चित्राच्या भोवती ते लाकूड असतं ना? तू मला दाखवायला नेलं होतंस, तेव्हा आधी तेच लागलं हाताला. वीतभर रुंद होतं मेलं. ते धरलंस का यात?"



धरलं नव्हतं. संग्रहालयात चित्राचं माप म्हणजे नुसत्या चित्राचं. फ्रेमा बदलतात, मोडतात, चित्र तेच राहतं, म्हणून नोंदवहीत फ्रेम मोजायची नाही अशी पहिल्यापासूनची रीत. मापबाईंनीच शेकडो मापं तशी लिहिली होती. एखादी शिंपीण ही चूक सात जन्मांत करणार नाही. ती करायला संग्रहालयातच एकोणतीस वर्षं काढावी लागतात.

"संपलं," मापबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "पत्र देऊन आले गं मी. छाती पुढे काढून देऊन आले!" त्यांचे डोळे भरून आले. स्वतःचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता. माप चुकलं, आणि तेही मापबाईंचं.

"कात्री लागली का कशाला?" आईने विचारलं.

"नाही."

"मग रडतेस कशाला, बये? कागदच आहेत. कात्री लागेपर्यंत काही बिघडत नाही. उचल आणि पुन्हा बेत."

सोमवारी मापबाई सरळ साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "माझं पत्र परत द्या. माझं माप चुकलं."

मोकळेसाहेबांना आनंद लपवता आला नाही. त्यांनी खण उघडून पत्र काढलं आणि त्याच्यासोबत यादीही काढली. "मग? करायची सही?"

"चूक कबूल केली, हार नाही. मुदतीला अजून साडेचार आठवडे आहेत," म्हणून मापबाई पत्र घेऊन खाली आल्या.

सुतारदादा आणि त्या, दोघांनी मिळून एकेक चित्र फ्रेमसकट मोजलं. आठ दिवस लागले. मापबाई माप सांगायच्या, दादा लिहायचे. आणि या खेपेला दर दोन चित्रांमध्ये आणि कडेला त्यांनी चार-चार बोटं जास्त धरली. आईने बजावलं होतं. "चिकटून चिकटून लावू नकोस. पोर वाढतं म्हणून शिवणीत माया ठेवायची असते. माया नसलेला कपडा एका वर्षाचा धनी."

पुन्हा कागद, पुन्हा फरशी, पुन्हा खडू. शेवटी हातात कागद उरले एकशे तीन.

म्हणजे साहेबांच्या यादीपेक्षाही सात जास्त! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मापबाई ते एकशे तीन कागद पाकिटात घालून दुसऱ्या दिवशी भांडारात आल्या आणि नुसत्या बसून राहिल्या. सगळ्यांत वरचा कागद किटलीचा होता.

दुपारी सुतारदादा चहाचा पेला घेऊन आले. मानाच्या पेटीला पाठ टेकून त्यांनी चहा संपवला आणि उठता उठता, हाताच्या सवयीने, पेटीच्या फळीवर बोटाने टकटक केलं. मग थांबले. पुन्हा टकटक केलं. मग कान लावला.

"ताई, ही पोकळ वाजतेय."

"म्हणजे?"

"भरल्या पेटीचा आवाज दबका येतो. ही बघा कशी बोलतेय, ढोलासारखी." दादांनी ओळीने अकराही पेट्या वाजवल्या. नऊ पोकळ, दोन दबक्या.

मापबाईंनी 'हात लावू नये' ही चिठ्ठी बघितली. एकोणतीस वर्षं पुसलेली, कोपरे न कोपरे पाठ झालेली चिठ्ठी. "दादा, पटाशी आणा," त्या म्हणाल्या.

"ताई, सील आहे. साहेब..."

"साहेबांचं मी बघते. पटाशी आणा."

पहिली पेटी उघडली. आत तळाशी थोडा लाकडाचा भुसा, एक वाळलेली पाल, बाकी काही नाही. दुसरीत भुसा. तिसरीत भुसा. मोठं घर, पोकळ वासा म्हणतात ते उगीच नाही! नऊ पेट्यांमध्ये एक चित्र निघेल तर शपथ. उरलेल्या दोघींत प्रत्येकी एकेक चित्र, शाळकरी पाटीएवढं, आणि त्याला कपाटाएवढी, भुशाने ठासून भरलेली पेटी. मापबाईंनी नवव्या पेटीचं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला पिवळट कागदावर चित्राचा नंबर आणि वर्णन होतं: 'घोड्यावरचे गृहस्थ, मागे वादळ'. त्यांना हसूच फुटलं. हसता हसता त्या भुशात बसल्या. दादा घाबरले.

"अहो, घोडा वर आहे!" मापबाई म्हणाल्या. "बैठकीच्या खोलीत! साहेबांच्या डोक्यावर!"

आणि खरंच होतं ते. कुणा जुन्या संचालकाने कधीतरी ही नऊ चित्रं काढून बैठकीच्या खोलीत लावली आणि पेट्या मानाने परत सील करून ठेवल्या. सीलबंद पेटी कोण उघडणार? पुढच्या माणसाने सील बघितलं, त्याच्या पुढच्याने चिठ्ठी डकवली आणि मापबाईंनी धूळ पुसली. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि वळसा घालणाऱ्यांत त्या स्वतःही होत्या. त्याची त्यांना लाजही वाटली. पण लाजत बसायला वेळ नव्हता.

झाकण बगलेत मारून त्या वर गेल्या. मोकळेसाहेब टेबलाशी बसले होते, डोक्यावर घोडा.

"पेट्या उघडल्या मी," मापबाईंनी झाकण टेबलावर ठेवलं.

साहेब उभेच राहिले. "कुणाच्या परवानगीने?"

"नोंदवहीत लिहिलंय, अकरा पेट्या, अकरा चित्रं. ती आहेत की नाहीत हे भांडारपालाने नाही बघायचं, तर कुणी बघायचं? चौकीदाराने?" मग त्यांनी वर बोट दाखवलं. "घोड्यावरचे गृहस्थ, मागे वादळ. नंबर मागच्या बाजूला असेल, खाली उतरवून बघा. या खोलीत आहेत त्यातली नऊ चित्रं त्या पेट्यांमधली आहेत. जागा नाही, जागा नाही म्हणून तुम्ही माझी शहाण्णव माणसं बाहेर काढत होतात. आणि जागा कुणी अडवली होती? तर भुशाने!"

"माणसं नाहीत ती, बाई. चित्रं आहेत."

"माझ्या सहीवर आत आलेत सगळे. मला माणसंच."

मोकळेसाहेबांनी खुर्चीवर चढून घोडा उलटा करून बघितला. नंबर जुळला. सगळं मोकळं करणाऱ्या माणसाने सात महिने नऊ मोकळ्या पेट्या सांभाळल्या होत्या. एवढ्यावर चौकीदारांना वर्षभर पुरेल इतकं खाद्य मिळालं.

पेट्यांतली ती दोन चित्रं वर आपल्या नऊ भावंडांशेजारी गेली, पेट्या निघाल्या आणि पूर्वेची चार फूट मोकळी झाली. आणखी चार जाळ्या, आठ बाजू. मापबाईंनी फरशीवर आठ चौकोन आखले आणि पाकिटातले एकशे तीन कागद एकेक करून उतरवले. किटलीचा कागद बाविसाव्या जाळीवर, मधल्या ओळीत बसला. पेट्यांच्या फळ्या खणखणीत होत्या. त्यांच्यातूनच दादांनी शेवटच्या चार चौकटी केल्या. फ्रेमा जाळीवर घासू नयेत म्हणून आईने चिंध्या भरून लांबलचक गाद्या शिवून दिल्या, वार मोजायचं सोडून दिलं इतक्या. चौकीदार शिडी धरायचे, दादा टांगायचे आणि मापबाई खालून फीत नाचवत ओरडायच्या, "डावीकडे! अर्धं बोट! अहो, तुमचं नाही, माझं बोट!"

मुदत संपली तो दिवस गुरुवार होता.

मोकळेसाहेब यादी घेऊनच भांडारात आले. फरशीवर बारा फुटांच्या खुणेपाशी खडूची जाड रेघ होती. रेघेच्या पलीकडे काहीही नव्हतं. अलीकडे बावीस जाळ्या ओळीने उभ्या. साहेबांनी एक ओढली. ती हलकेच बाहेर आली. दोन्ही अंगांवर चित्रं, प्रत्येकाखाली नंबर. दुसरी ओढली. तिसरी. जमिनीवर वाकून बघितलं. एकही चित्र खाली नव्हतं.

"सहाशे अठ्ठेचाळीस?"

"मोजा," मापबाई म्हणाल्या.

साहेबांनी खरंच मोजली. तास लागला. त्यांना एवढं श्रेय तरी द्यायला हवं, कंबर वाकवली माणसाने. मोजून झाल्यावर त्यांनी यादीची घडी घातली आणि खिशात ठेवली. "मान गए," म्हणाले. मग पुन्हा जाळीकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. "पण बाई, प्रत्येक चित्राच्या बाजूने ही चार-चार बोटं मोकळी सोडलीत तुम्ही. ती जवळजवळ घेतली, तर दोन जाळ्या सहज कमी होतील. भिंत आणखी दोन फूट अलीकडे घेता येईल."

"नाही घेता येणार."

"का? मोकळीच तर आहे जागा."

"मोकळी नाही ती. माया आहे."

"काय आहे?"

मापबाई दोन पावलं पुढे गेल्या. "साहेब, तुमचा हा कोट दोनदा सैल झालाय पोटापाशी. वरून कापड जोडल्याचं दिसतंय कुठे? नाही ना? मग आलं कुठून?"

साहेबांचा हात आपोआप कोटाच्या शिवणीवर गेला. "तुम्हाला कसं..."

"माझ्या आईने उसवलाय तो. ज्याने शिवला, त्याने आत माया सोडली होती, म्हणून आज तुमची बटणं लागतात. तेव्हाच कुणी म्हणालं असतं, मोकळंच आहे, कापून टाका, तर आज उघड्या कोटाने फिरला असता. ही चार बोटं मी कुणाला देणार नाही. तुम्हालाही नाही आणि तुमच्या नंतर येणाऱ्यालाही नाही."

सुतारदादांनी शिडीवर तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

तेवढ्यात दारात ड्रायव्हरकाका येऊन उभे राहिले. पहिला गुरुवार होता ना. सवयीने ते स्टुलाकडे वळले, बसणार, तोवर मापबाईंनी बाविसावी जाळी ओढून बाहेर काढली. काका अर्धवट वाकलेलेच राहिले. किटली त्यांच्यासमोर होती, खिडकीत, उजेडात.

"इतक्या लवकर?" ते म्हणाले. जवळ गेले, दहा मिनिटं बघत उभे राहिले. "झाकण तिरकंच आहे अजून." पण या वेळी ते निघाले नाहीत. बगलेतलं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी दोन्ही हातांत धरलं. "ताई, मुलीकडे कपाट हलवलं. मागे हे निघालं. मला वाटत होतं, आमच्या हिने एकच काढलं. हिने दुसरंही काढून ठेवलं होतं, सांगितलं नाही मला." त्यांनी कागद सोडला. फ्रेमसकट जेमतेम वीतभर रुंद चित्र. आत तीच खिडकी, पण किटली नाही. ओट्यावर गोल ओला डाग, आणि एकच कप. "मला चहा देऊन झाल्यावरचं आहे," काका म्हणाले. मग त्यांनी साहेबांकडे बघितलं, मापबाईंकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "जागा आहे का हो?"

मापबाईंनी साहेबांकडे बघितलंच नाही. फीत काढली. फ्रेम मोजली: बारा बोटं. किटलीच्या ओळीत पाच चित्रं, मध्ये आणि कडेला मिळून सहा फटी, प्रत्येकी चार बोटं. "दादा, खाली या. ही ओळ जरा सरकवा." बाकावर माणसं सरकतात तशी पाच चित्रं थोडी थोडी सरकली. किटलीच्या उजवीकडे जागा झाली. दादांनी खुंटी बसवली आणि नवं चित्र टांगलं. फटी आता चार बोटांच्या नव्हत्या, पण जवळजवळ पावणेदोन बोटं प्रत्येकीत होतीच.

मापबाईंनी खणातून पावतीपुस्तक काढलं. सहाशे एकोणपन्नास, त्यांनी लिहिलं. 'सांभाळण्यासाठी मिळाले.' खाली सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. पावती फाडून काकांच्या हातात दिली. काकांनी ती पहिल्या पावतीच्या घडीत ठेवली.

मोकळेसाहेब खडूच्या रेघेवर उभे होते. मग त्यांनी विचारलं, आणि विचारण्यात या खेपेला तेवढी घमेंड नव्हती, "आणि बाई, ही मायाही संपली की?"

"मग काय, साहेब," मापबाई फीत गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "तुमचा स्वागतकक्ष उसवायचा."